विहीणबाईंबरोबर शिनासला

दुबईहून परतल्यापासून वसईत जो भेटतो तो विचारतो, ती उंच इमारत बघितलीस का, उंटावर बसलीस का. इमारत बघितली, मुलाच्या गाडीच्या काचेतून, मान दुखेपर्यंत. उंटावर बसले नाही, कारण उंटाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही. पण मी शिनास पाहिलं. शिनास कुठे आहे ते इथे कोणालाच माहीत नसतं. ते ओमानमध्ये आहे, समुद्राला लागून आहे, आणि तिथे मी माझ्या विहीणबाईंबरोबर सहा दिवस अडकून होते. उंटाची गोष्ट सगळेच सांगतात, म्हणून मी ही सांगते.

माझा मुलगा लेस्टर जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात आहे. सून मुक्ता पुण्याची. ती एका हॉटेलच्या एचआरमध्ये काम करते. अल बर्शाला त्यांचा हॉल आणि एक बेडरूम एवढा फ्लॅट. डिसेंबरात त्यांना मुलगी झाली. दोन्ही घरांना चालावं म्हणून नाव ठेवलं तारा. त्यामुळे अर्थातच मी तिला बाय म्हणते आणि विहीणबाई ठमी म्हणतात.

विहीणबाई म्हणजे वैजयंतीताई, मुक्ताच्या आई. सरकारी कोषागारातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स, त्या पाचांची एक प्लास्टिकची फाइल, फाइलवर चिकटवलेली यादी. मी आयुष्यभर लोकांच्या लग्नाचे केक आणि फुगे केले. माझं सगळं माप हाताच्या अंदाजाचं. बाळंतपणासाठी आम्ही दोघी एकाच आठवड्यात उतरलो आणि दोन महिने त्या हॉलमध्ये, सोफा-कम-बेडच्या दोन टोकांना झोपलो. बारसं आणि बाप्तिस्मा यावरून आमच्यात भांडण होईल अशी लेस्टरला भीती होती. ते आम्ही एका संध्याकाळी चहा पिता पिता मिटवलं. भांडण झालं ते तेलावरून. त्यांना बाळाला तिळाचं तेल हवं होतं, मला आमच्या वाडीतल्या नारळांचं.

त्यातच दोन अपघात झाले. एकदा फ्लॅटमधला धुराचा अलार्म वाजला आणि अख्खी इमारत पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. सगळ्यांनी माझ्या बांगडे तळायच्या तव्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्यांदा फ्लश तुंबला. तेव्हा मी स्वतःच, फार काही न बोलता, विहीणबाईंकडे पाहिलं.

आमच्या भेटीच्या व्हिसाचे साठ दिवस संपत आले. मुक्ताला सोमवारपासून ऑफिसला जायचं होतं, पाळणाघरात जागा एप्रिलशिवाय नव्हती. म्हणजे दोन महिने एका आजीने थांबणं भाग होतं. एका. दोघींसाठी हॉल पुरत नाही हे पोरांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, पण रात्री बाथरूमला जाताना लेस्टर आमचे पाय ओलांडून जायचा, त्यावरून कळत होतं.

"तुम्हीच ठरवा," जेवताना लेस्टर म्हणाला. हा मुलगा बापावर गेलाय. कठीण प्रश्न आला की ताटात बघतो.

"मी थांबते," विहीणबाई म्हणाल्या. "सेलीनताईंना घरी माणसं आहेत. इनासराव आहेत, वाडी आहे, कुत्रा आहे."

"कुत्रा त्यांच्याजवळ मजेत आहे," मी म्हटलं. "मी थांबते. तुमच्या सोसायटीची मीटिंग असेल."

मुक्ता एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. शेवटी लेस्टरने दोघींचाही अर्ज भरला. नियम तिथे सारखे बदलतात, पण आमच्या वेळी एजंटने सांगितलं ते असं: बसने ओमानच्या हद्दीत जायचं, तिथल्या हॉटेलात थांबायचं, नवा व्हिसा आला की परत आत यायचं. एक दिवस, फार तर दोन. ज्या आजीचा व्हिसा आधी येईल ती थांबेल असं कोणी बोललं नाही, पण बॅग भरताना आम्हा दोघींच्याही मनात तेच होतं.

बुधवार: हत्त्याचे डोंगर

बस सकाळी मेट्रो स्टेशनाखालून निघाली. नोकरी शोधणारी केरळी पोरं, चार-पाच फिलिपिनो मुली, एक नेपाळी जोडपं आणि पुढच्या सीटवर आम्ही दोघी. बसचा कारभार बशीरकडे होता. हा मलबारी माणूस रोज सरहद्द ओलांडतो; आपण गिरणीत दळण टाकायला जावं इतक्या सहज. तो सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करत आला.

"सही केल्याशिवाय मी देणार नाही," विहीणबाई म्हणाल्या आणि वही काढली. "इसपे लिखो, पासपोर्ट मिला."

बशीरने वहीवर मन लावून सही केली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आपको भी सही होना, आंटी?" मी नको म्हटलं. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं ते जणू मी घराला कुलूप न लावता गावाला निघाले होते.

वाळू संपते आणि डोंगर सुरू होतात ती जागा मात्र सांगायलाच हवी. आपल्याकडचा डोंगर म्हटला की कुठेतरी झाड असतं, नाहीतर शेवाळं, निदान एखादी शेळी. सरहद्दीवरच्या हत्ता गावाचे हे डोंगर नुसते उघडे. करपलेल्या भाकरीसारखे तपकिरी, धारदार, एकामागे एक. मध्येच एखाद्या खबदाडात खजुरीची दहा झाडं आणि एक मशीद, बस्स. मला वाटलं होतं कंटाळा येईल, पण मी खिडकीवरून नजर काढली नाही. विहीणबाई फाइल तपासत होत्या.

बाहेर पडल्याचा शिक्का पटकन झाला. पुढे ओमानच्या चौकीत काउंटरवर एक तरुण अधिकारी होता, डोक्याला नक्षीचं रंगीत फडकं गुंडाळलेला. आम्ही दोघी एकदमच पुढे झालो. एक अर्ज, दोन बायका, दोन आडनावं, पत्ता मात्र एकच.

"सिस्टर?" त्याने विचारलं.

"नो, नो," विहीणबाई म्हणाल्या. अधीक्षकांना चूक नोंद चालत नाही. "शी इज माय डॉटर्स हजबंड्स मदर."

तो विचारात पडला. मी मदतीला गेले. "शी इज माय सन्स वाइफ्स मदर."

त्याने पेन खाली ठेवलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मग त्याचा चेहरा उजळला. "आह. नसीब."

"आमचं नशीब आहे म्हणतोय," विहीणबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "ह्याला काय करायचंय?"

मलाही जरा लागलं. बाहेर आल्यावर बशीरला विचारलं, तर तो हसत सुटला. अरबीत सोयऱ्याला नसीब म्हणतात म्हणे. इंग्रजांना जी सापडली नाही ती आमच्या नात्याची जागा त्या माणसाच्या भाषेत तयार होती. विहीणबाईंनी तो शब्द वहीत लिहून घेतला.

शिनासला हॉटेलात दुपारी पोचलो. दोन मजली, पिवळं, गाद्या टणक. खाली चहाच्या टपरीवर विहीणबाईंनी ओमानी पैशाचे आधी दिरहम केले, दिरहमचे रुपये केले, आकडा ऐकून त्यांचा विश्वास बसेना, पुन्हा केले आणि तेवढ्यात चहा निवला. संध्याकाळी व्हिडिओ कॉल. बाय लेस्टरच्या खांद्यावर झोपली होती. "ती माझ्या आवाजाने हलली," विहीणबाई म्हणाल्या. ती लेस्टरच्या शिंकेने हलली होती.

गुरुवार: त्या गेल्या आणि आल्या

गुरुवारी सकाळी मी माळ घेऊन बसले आणि प्रार्थना केली ती लपवण्यात अर्थ नाही: माझा व्हिसा आधी येऊ दे. अकरा वाजता बशीर कागद घेऊन वर आला. "वैजयंती आंटी, आपका आ गया. यल्ला, बस नीचे है."

"आणि माझा?"

"इन्शाल्ला, शाम तक."

विहीणबाईंची बॅग सात मिनिटांत भरली. मी घड्याळात बघत होते. मला वाटलं, निदान दारात थांबून म्हणतील, तुम्हाला एकटीला सोडून कशी जाऊ. दारात त्या थांबल्या हे खरं.

"मी पुढे होते, सेलीनताई. ठमी एकटी आहे."

"एकटी कशी? आईबाप आहेत की."

"तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या. मला अर्धा पुडा चिवडा दिला आणि जिना उतरल्या.

मी गॅलरीतून बस जाताना पाहिली. रागाने माझे कान गरम झाले होते. देवाने माझं ऐकलं होतं, फक्त नाव चुकीचं घेतलं होतं. आता त्या संध्याकाळी बाळाला तिळाचं तेल चोळणार, आणि मी परदेशातल्या परदेशात, टणक गादीवर. लेस्टरला फोन केला तर तो मीटिंगमध्ये. इनासला, माझ्या नवऱ्याला, वसईला फोन केला. तो म्हणाला, "मग तू घरी येतेस का?" आणि त्याचा आवाज मला हवा तितका आनंदी वाटला नाही.

चिडले की मी स्वयंपाक करते. माझ्या पर्समध्ये घरच्या मसाल्याची छोटी बाटली असते. ती घेऊन मी वास येईल त्या दिशेला चालू लागले. पंधरा मिनिटांवर समुद्र होता.

होड्या किनाऱ्यावर ओढायला इथे माणसं लागत नाहीत. एक पिकअप गाडी पाण्यापर्यंत मागे येते, दोर बांधतात आणि होडी वाळूवरून सरसर वर. वाळूवर तारली वाळत घातलेली. आम्ही बोंबील काठ्यांवर टांगतो, हे मासे थेट वाळूत पसरतात, कारण ते माणसांसाठी नसतातच. बकऱ्यांना आणि उंटांना घालतात. मासे खाणारा उंट. त्या उंटाची नजर मला का आवडली नव्हती ते आता कळलं.

बाजारात सगळे विकणारे पुरुष आणि सगळे हळू बोलणारे. आमच्या वसईत मासळी बाजारात बाई बसते आणि तिचा आवाज पार चर्चपर्यंत जातो. इथे एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा भरतकामाची टोपी घालून सुरमईच्या मागे असा बसला होता, जणू त्याला ती विकायची नव्हतीच. मी सुरमईचा कल्ला उचलून बघितला. पोट दाबून बघितलं. ती बाजूला ठेवून तिच्या खालची घेतली.

"बंबई?" म्हाताऱ्याने विचारलं.

"वसई. बंबई के बाजू में."

"तुम मच्छी का औरत है," तो म्हणाला. त्याचं हिंदी बलुची वळणाचं होतं. लहानपणी त्याचा बाप खजूर घेऊन मुंबईला जायचा, असं त्याने सांगितलं. मी केकची बाई आहे हे त्याला सांगितलं नाही. इतकी चांगली ओळख कशाला बिघडवायची. त्याने सुरमईचे तुकडे करून दिले आणि डोकं मला वर दिलं.

हॉटेलचा आचारी बंगाली होता. परकी बाई स्वयंपाकघरात शिरलेली त्याला आवडलं नाही, पण मी मसाल्याची बाटली उघडून त्याच्या नाकाखाली धरली तेव्हा त्याने मुकाट्याने कढई दिली. चिंच त्याच्याकडे होती. माझ्या हाताखाली रस्सा उकळायला लागला तसा माझा राग निम्म्याने उतरला. उरलेला जेवल्यावर उतरेल असा अंदाज होता.

पाच वाजता खाली गाडी थांबली. त्यातून बशीर उतरला आणि त्याच्यामागून विहीणबाई. फाइल छातीशी, केस विस्कटलेले आणि कपाळावर टिकली नाही.

टिकलीशिवाय मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. आंघोळीहून येतानासुद्धा ती जागेवर असते. क्षणभर मला बाळाची भीती वाटली.

"काय झालं?"

त्या खुर्चीवर बसल्या आणि कागद माझ्यापुढे टाकला. व्हिसा. नाव वैजयंती, पासपोर्ट नंबर वैजयंतीचा, जन्मतारीख वैजयंतीची. फोटो माझा.

"टायपिंग सेंटर में उल्टा लगाया," बशीर म्हणाला. "आपका फोटो इनको, इनका फोटो आपको. आपका सिस्टम में अटक गया, इनका निकल गया. कभी नहीं होता है ऐसा." आणि तो घाईघाईने चहा प्यायला गेला.

"पण हे तुम्हाला बसमध्ये दिसलं नाही?" मी विचारलं. पाच झेरॉक्स काढणारी बाई.

विहीणबाईंनी कागद माझ्यापुढून ओढून फाइलमध्ये घातला. "दिसलं."

"मग?"

"मला वाटलं, त्यांना आपण सगळ्या सारख्याच दिसत असू." त्यांनी कपाळावरून बोट फिरवलं. "म्हणून टिकली काढली. केस तुमच्यासारखे मागे घेतले."

मी हसणार नाही असं ठरवलं होतं. अधीक्षक म्हणून निवृत्त झालेली बाई, बसच्या आरशात बघून माझं सोंग घेतेय, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी एवढी हसले की आचारी बाहेर आला. काउंटरवरच्या बाईने म्हणे पासपोर्ट पाहिला, व्हिसा पाहिला, ह्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, "मामा, व्हेअर इज द अदर मामा?" मग ओमानवाल्यांनी बाहेर पडल्याचा शिक्का रद्द केला आणि परत पाठवलं.

"दिवसभर फक्त बिस्किटं," त्या म्हणाल्या. "हा वास कसला?"

विहीणबाई मासे खात नाहीत. मटण खातात, अंडी खातात, पण मासा म्हटला की त्यांना त्याचे डोळे आठवतात.

"सुरमईचा रस्सा आहे. तुम्हाला चालणार नाही. अर्धा पुडा चिवडा शिल्लक आहे," मी म्हटलं. एवढा सूड मला माफ असावा.

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नुसता रस्सा वाढा. आणि ते डोकं दुसरीकडे तोंड करून ठेवा."

भात दोनदा घेतला. तिसऱ्यांदा वाढताना मी हळूच एक तुकडा सोडला, तोही गेला.

शुक्रवार ते सोमवार: शिनास

दुरुस्ती पलीकडे दुबईत व्हायची होती आणि तिथे शुक्रवारी अर्धा दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे मुक्ताचा सोमवार चुकला. बातमी सांगितली तेव्हा फोनवर ती आधी "इट्स ओके, आई" म्हणाली आणि मग रडायला लागली. लेस्टरने फोन घेतला. "मम्मी, वी विल मॅनेज." लहानपणी शाळेत जाताना डबा विसरला की हेच म्हणायचा आणि उपाशी राहायचा.

आमचा ओमानचा व्हिसा दहा दिवसांचा. तोवर दुरुस्ती झाली नाही तर दोघींनाही मस्कतहून मुंबईचं विमान, बाळाला न भेटता. हे बशीर म्हणाला नाही, विहीणबाईंनी कागदावरचा बारीक मजकूर वाचून शोधून काढलं. ती रात्र आम्ही दोघी जागेच होतो आणि दोघीही झोपल्याचं नाटक करत होतो.

शनिवारी संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. बायका-पोरांची कुटुंबं चटया टाकून, थर्मास घेऊन बसलेली. एका कुटुंबाने आम्हाला खुणेने बोलावून बिनदुधाची कडू कॉफी आणि खजूर दिले. चिमुकला कप रिकामा झाला की पुन्हा भरत. पुरे म्हणायला कप हलवायचा असतो हे आम्हाला माहीत नव्हतं. सहा कप झाले. मला वाटतं पुढचं सगळं त्या कॉफीमुळे बाहेर आलं.

"सेलीनताई," विहीणबाई म्हणाल्या, "तो अलार्म तुमच्या बांगड्यांमुळे वाजला नव्हता."

"मग?"

"मी ठमीची दृष्ट काढली होती. मीठ-मिरच्या गॅसवर टाकल्या. मुक्ताला असलं आवडत नाही. तुमचा तवा शेजारी होता, म्हणून गप्प बसले."

मी समुद्राकडे बघितलं. इमारतीतली शंभर माणसं, त्यात एक पायाला प्लास्टर घातलेला गृहस्थ, माझ्याकडे बघत जिना उतरले होते. पण रागवायची सोय नव्हती.

"दृष्ट मीही काढायचे," मी म्हटलं. "आमच्याकडेही काढतात. लेस्टर ओरडेल म्हणून मिरच्या जाळल्या नाहीत. टिश्यूत गुंडाळून फ्लश केल्या."

"रोज?"

"दर शनिवारी. शिवाय मूठभर मीठ."

त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणून तो तुंबला? आणि तुम्ही सगळ्यांसमोर माझ्याकडे बघत होतात."

"मी काही बोलले नव्हते."

"बघितलंत तर खरं."

कॉफीवाल्या बाईला एक अक्षर कळलं नसेल, पण आम्ही दोघी डोळे पुसत हसतोय म्हटल्यावर तीही हसली आणि सातवा कप भरला.

परत येताना त्या एकदम म्हणाल्या, "तुम्ही घरी गेलात की कुत्रा भुंकेल. इनासराव विचारतील, काय आणलं. माझ्या फ्लॅटवर मी परतले ते फक्त पेपरवाल्याला कळतं, पेपर उचलला म्हणून." मुक्ताचे वडील जाऊन तीन वर्षं झाली. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. फाइलमधला एखादा कागद दाखवावा तसं सांगितलं. मी त्यांचा हात धरला, कारण पुढे वाळूत खड्डा होता. खड्डा गेल्यावरही सोडला नाही.

सोमवारी सकाळी, मुक्ताच्या ऑफिसची वेळ झाली तेव्हा, आम्ही हॉटेलच्या टेबलाशी बसून तह केला. व्हिसे आले तर दोघींनी थांबायचं. सोफ्यावर विहीणबाई, जमिनीवर मी, म्हणजे लेस्टरला एकीलाच ओलांडावं लागेल. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिळाचं तेल. मंगळवार, गुरुवार, शनिवार खोबरेल. रविवारी बाळाला कोरडं ठेवायचं. त्यांनी हे वहीत लिहिलं, खाली दोघींच्या सह्या. दोन प्रती.

मंगळवार: परत अल बर्शाला

कागद आले, दोन्ही. विहीणबाईंनी हातात घेताच आधी फोटो बघितले, मग मला दाखवले, मग बशीरला दाखवले. "आपही हो, आंटी," तो म्हणाला. "मैं चार बार देखा."

हत्त्याला आत येताना डोळ्यांचा फोटो काढतात. मशीन म्हणतं डोळे मोठे करा. विहीणबाईंच्या पापण्या उतरलेल्या, तीनदा जमेना. शेवटी मी मागून म्हटलं, "सुरमईचं डोकं आठवा." लगेच जमलं. माझ्या वेळी काउंटरवरच्या बाईने फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. विहीणबाई पुढे गेल्या नव्हत्या. पिवळ्या रेघेपलीकडे फाइल धरून उभ्या होत्या आणि एका शिपायाने पुढे व्हा म्हटलं तरी हलत नव्हत्या. मग शिक्का पडला. साठ दिवस.

"खलास, आंटी," बशीर बसमध्ये म्हणाला. उतरताना त्याने विहीणबाईंची वही मागितली आणि पासपोर्ट परत मिळाल्याची सही त्यांच्याकडून घेतली.

फ्लॅटचं दार आम्ही चावीने उघडलं. आत कोणी नव्हतं. बाळाची दुपटी घडी घालून ठेवलेली, बाटल्या धुतलेल्या, सोफा बंद केलेला. सोफा बंद केला की हॉल केवढा दिसतो ते मी पहिल्यांदाच पाहिलं. मी लेस्टरला फोन लावला.

"मम्मी, मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "मागच्या बिल्डिंगमधल्या क्रेशमध्ये एक जागा कॅन्सल झाली. काल ताराला ठेवलं. शी इज टोटली फाइन. काल दोन तास सलग झोपली, इमॅजिन. तुम्ही दोघी आता आराम करा. फिरा. चार वाजता तिला आणायचं असतं, आज तुम्ही जाल का?"

मी फोन ठेवला. विहीणबाईंना सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी तहाची प्रत काढली, वाचली आणि पुन्हा फाइलमध्ये ठेवली. आम्ही दोघी सोफ्यावर बसलो. आमच्याजवळ सरकारी शिक्क्याचे साठ दिवस होते आणि आमची कोणाला गरज नव्हती. राग यायला हवा होता. मला आला नाही, कारण माझ्या मुलाने सहा दिवसांत माझ्याशिवाय एक गोष्ट नीट केली होती आणि हे इनासला सांगितलं तर तो विश्वास ठेवणार नव्हता.

"उद्यापासून आपण रोज तीन वाजताच जाऊन बसू," विहीणबाई म्हणाल्या. "बाहेर बाक असेल."

पावणेचारला आम्ही क्रेशच्या दारात होतो. फिलिपिनो टीचर फॉर्म घेऊन आली. बाळ नेण्याची परवानगी कोणाला, त्या रकान्यात आमच्या शूर मुलाने नाव लिहिलंच नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, ग्रँडमदर.

"ओन्ली वन सिग्नेचर, मॅम," टीचर म्हणाली. "हू इज द ग्रँडमदर?"

विहीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आठवड्यापूर्वी त्यांनी माझ्या हातातून पेन ओढलं असतं. आता त्या थांबल्या होत्या आणि माझ्या लक्षात आलं की मी हो म्हटलं तर त्या खरंच बाजूला होतील.

"ह्या," मी म्हटलं आणि त्यांना पुढे केलं. "शी इज."

त्यांचे डोळे भरून आले. फॉर्मवर त्यांनी पूर्ण नावाने सही केली. बाय त्यांच्या हातांत आली, त्यांनी तिला घट्ट धरलं आणि मान वळवून मला म्हणाल्या, "सेलीनताई, हे मी विसरणार नाही."

मी दोन पावलं मागेच उभी होते. बायने कपड्यात काय करून ठेवलं होतं त्याचा वास मला दारातूनच आला होता.